नोटीस आली आहे? खुलाशाआधी घटनाक्रम लिहा

तक्रारीवर खुलासा मागणारं व्यावसायिक परिषदेचं पाकीट आलं की डॉक्टर असो, सीए असो की वकील, माणूस त्याच रात्री खुलासा लिहायला बसतो. तक्रार खोटी आहे, इतकी वर्षं सचोटीने काम केलं, पेशंट किंवा अशिलाचा हेतूच वाईट आहे, हे सगळं तीन पानांत येतं. तारखा मात्र जेमतेम चार असतात आणि त्यातली एखादी चुकलेली असते. सही करून पाठवलेला खुलासा परत घेता येत नाही. पुढे सुनावणीत समोरचा नेमक्या त्या चुकलेल्या तारखेवर बोट ठेवतो आणि उरलेल्या तीन पानांवरचा विश्वासही डळमळतो.

म्हणून काम उलट्या टोकापासून सुरू करावं. आधी घटनाक्रम तयार करायचा आणि खुलासा त्यातून लिहायचा. घटनाक्रम म्हणजे काय घडलं, कधी घडलं आणि हे कोणत्या कागदावरून कळतं, याची तारीख-वेळेप्रमाणे लावलेली यादी. त्यात बाजू मांडायची नसते, रागही नसतो आणि ‘वस्तुतः’, ‘सरासर खोटे’, ‘दिशाभूल करण्याच्या हेतूने’ हे शब्दही नसतात. ते खुलाशात हवे तितके लिहा.

नियम प्रत्येक व्यवसायाचे वेगळे आहेत. डॉक्टरांसाठी महाराष्ट्र वैद्यक परिषद आणि २००२ ची व्यावसायिक आचारसंहितेची नियमावली. वकिलांसाठी १९६१ चा अधिवक्ता कायदा आणि महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलची शिस्तपालन समिती. सीएंसाठी १९४९ चा कायदा आणि २००७ चे चौकशी नियम. त्यांत लेखी निवेदनाला २१ दिवस मिळतात. सरकारी नोकरीत १९७९ चे शिस्त व अपील नियम. तिथे दोषारोपपत्रासोबत चार जोडपत्रं येतात: दोषारोप, त्यांचा तपशील, कागदपत्रांची यादी आणि साक्षीदारांची यादी. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरवर परिषदेची चौकशी आणि विभागीय चौकशी दोन्ही होऊ शकतात. घटनाक्रम लिहिण्याची रीत मात्र सगळीकडे जवळपास सारखीच राहते, त्यामुळे यापुढे मी मुख्यतः डॉक्टरांचं उदाहरण घेणार आहे.

तासांचा हिशेब किती लांब जातो

पुण्यातलाच एक जुना खटला आहे. ६ मे १९५३ च्या संध्याकाळी रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या मुलाचं डाव्या मांडीचं हाड मोडलं. गावात फळ्या बांधून तात्पुरता आधार दिला, पण वेदना थांबेनात. ९ मे रोजी त्याला पुण्यात आणलं. साडेअकराच्या सुमारास एक्स-रे निघाले, मग शस्त्रक्रियागृहात नेऊन प्लास्टर घातलं. संध्याकाळी श्वास अडखळू लागला आणि रात्री नऊच्या सुमारास मुलगा गेला. वडील स्वतः डॉक्टर होते. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल १९६८ साली लागला. भरपाई ३,००० रुपये होती.

वैद्यकीय हलगर्जीपणाच्या कायद्यात हा निकाल आजही सांगितला जातो, तो डॉक्टरच्या कर्तव्याच्या व्याख्येसाठी. मला त्यात जास्त रस आहे तो तासांमुळे. मॉर्फियाची दोन इंजेक्शनं तासाच्या अंतराने द्यायला सांगितली होती, दिलं गेलं एकच. मग पेशंटला आत नेलं तेव्हा त्याला गुंगी कितपत होती? हाड खरंच ओढून बसवलं, की फक्त आधार देऊन स्थिर केलं? त्या दुपारच्या पाच-सहा तासांत काय कशानंतर झालं, याची उलटसुलट तपासणी पुढे पंधरा वर्षं चालली. तुमच्या प्रकरणातही असाच एखादा छोटा पट्टा असेल. बाकी महिने-वर्षं दोन ओळींत उरकतील, पण त्या पट्ट्याला पानंच्या पानं लागतील आणि लागू द्यावीत.

आधी कागद जिथे आहेत तिथे थांबवा

लिहायला बसण्याआधीचं काम म्हणजे मूळ कागद बाजूला काढून त्यांच्या झेरॉक्स किंवा स्कॅन करणे आणि यापुढे फक्त त्या प्रतींवर काम करणे. मूळ केसपेपरवर टाचणी, हायलायटर, पेन्सिलची खूण काहीही नको. राहून गेलेली सही आता करायची नाही. रिकाम्या रकान्यात आता वेळ भरायची नाही. ‘तेव्हा लिहायचं राहिलं, पण खरंच तसं झालं होतं’ हे शंभर टक्के खरं असलं तरीही नाही. शाई, अक्षराची दाटी, संगणकातल्या बदलांची नोंद यांतून अशी भर उघडी पडते आणि मग मूळ तक्रार बाजूला राहून कागदात फेरफार केल्याचाच आरोप मोठा होतो. सुधारणा करणं खरोखर गरजेचं असेल तर जुना मजकूर वाचता येईल अशी एकच आडवी रेघ, आजची तारीख, कारण आणि सही ही सर्वमान्य रीत आहे. पण नोटीस आल्यावर तेही वकिलाला विचारल्याशिवाय करू नये.

२००२ च्या नियमावलीप्रमाणे डॉक्टरांनी आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायच्या असतात आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या असतात. बरीच रुग्णालयं तीन वर्षं झाली की रद्दीवाल्याला फोन करतात. नोटीस आली त्या दिवशी रेकॉर्ड रूमच्या माणसाला लेखी सांगा की हे प्रकरण आणि त्या काळातली सगळी रजिस्टरं हलवायची नाहीत. सीसीटीव्हीचं तर विचारूच नका. छोट्या यंत्रात जुनं चित्रण काही आठवड्यांतच नव्याखाली पुसलं जातं. तक्रार होणार अशी कुणकुण लागली, म्हणजे नातेवाइकांनी आवाज चढवला, पोलीस चौकीत अर्ज दिला, की त्याच दिवशी चित्रण काढून ठेवणारे डॉक्टर मी कमी पाहिलेत. पुढे सुटकेचा श्वास घेतात ते तेच.

७२ तासांच्या नियमातून घटनाक्रमाच्या दोन ओळी हमखास निघतात: कागद मागितल्याचा अर्ज कधी आला आणि प्रत कधी, कुणाच्या सहीने दिली. उपचाराबद्दलची तक्रार टिकली नाही तरी कागद वेळेत न दिल्याची टिकते, अशीही प्रकरणं होतात.

सहा रकाने

कोरा कागद आडवा धरा किंवा एक्सेल उघडा. पहिला रकाना क्रमांकाचा, दुसरा तारीख-वेळेचा, तिसऱ्यात काय घडलं ते एका वाक्यात, चौथ्यात कुणी केलं किंवा पाहिलं, पाचव्यात आधार, म्हणजे कोणता कागद आणि त्याचं पान. सहाव्यात तक्रारीतला कोणता परिच्छेद याला लागून आहे त्याचा क्रमांक.

पाचवा रकाना हाच घटनाक्रमाचा कणा. ज्या ओळीपुढे तो रिकामा राहतो ती ओळ तुमची आठवण आहे, नोंद नव्हे. आठवणी लिहायच्या, पण वेगळ्या कागदावर, आणि शक्य तितक्या लवकर, फाइल उघडण्याआधी. फाइल वाचल्यानंतर आपल्याला खरोखर काय आठवत होतं आणि काय आत्ता वाचलं, हे माणसाला स्वतःलाही वेगळं काढता येत नाही. कागद लावून झाले की आठवणीतली एकेक गोष्ट घटनाक्रमात योग्य जागी आणायची आणि आधाराच्या रकान्यात सरळ ‘स्मरणातून’ लिहायचं.

तो शब्द लिहायला लोक कचरतात. त्यांना वाटतं, बाजू कमकुवत दिसेल. चाळीस ओळींपैकी सहांपुढे ‘स्मरणातून’ असेल तर उरलेल्या चौतीस कागदावर उभ्या आहेत, हे वाचणाऱ्याला त्यातूनच कळतं.

विसर्जनाची एक रात्र

आता एक कल्पित प्रकरण घेऊ. नारायण पेठेतलं पंधरा खाटांचं नर्सिंग होम. सर्जन राहतात कोथरूडला. १६ सप्टेंबर २०२४, सोमवारी एका बाईंची दुर्बिणीतून पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. मंगळवार १७ तारखेला अनंत चतुर्दशी. त्या रात्री बाईंची तब्येत बिघडली, त्यांना मोठ्या रुग्णालयात हलवलं, पुन्हा शस्त्रक्रिया झाली, त्या बऱ्या झाल्या. मुलाची तक्रार अशी: ‘विसर्जनाच्या रात्री अकरा ते एक डॉक्टर फिरकलेसुद्धा नाहीत.’

पहिला गोंधळ तारखेचाच. पुण्याची मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालते, त्यामुळे ‘विसर्जनाची रात्र’ म्हणजे कागदावर १७ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबर दोन्ही. आपण बोलताना मंगळवारी रात्री साडेबारा म्हणतो, पण कागदावर तो बुधवार झालेला असतो. सिस्टरच्या वहीत मध्यरात्रीनंतरच्या नोंदीही पानाच्या वरच्या १७ तारखेखालीच जातात. घटनाक्रमात चोवीस तासांचं घड्याळ वापरा आणि प्रत्येक ओळीवर पूर्ण तारीख लिहा, वरच्या ओळीसारखीच असली तरी. ‘१८-०९-२०२४, ००.३१’ हे दिसायला रुक्ष आहे, पण त्याचे दोन अर्थ निघत नाहीत.

आता कागद लावू. परिचारिकेची नोंद २३.२०: नाडी ११८, रक्तदाब ९०/६०, निवासी डॉक्टरांना कळवलं. मोबाइल कंपनीच्या तपशिलात २३.२६ ला निवासी डॉक्टरांचा सर्जनला फोन, पावणेदोन मिनिटं. औषधाच्या तक्त्यावर २३.३५ ला सलाइन जलद सुरू केल्याची सही. २३.४१ ला दुसरा फोन. २३.५० ला रक्ताचा नमुना घेतल्याची वेळ, जी प्रयोगशाळेच्या अहवालावर आपोआप छापून येते. ००.१० ला रक्तपेढीला फोन. सर्जनने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या तपासणीच्या नोंदीवर वेळ ००.०५. दारावरच्या सीसीटीव्हीत सर्जन आत येताना दिसतात ती वेळ ००.२४. मोठ्या रुग्णालयासाठीचं संदर्भपत्र ००.५०. रुग्णवाहिका निघाली ०१.१५. मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीच्या कागदावर आगमन ०१.५०.

ही यादी एकदा डोळ्यांखालून घातली की तीन गोष्टी दिसतात आणि त्या खुलासा लिहिताना दिसल्या नसत्या.

पहिली, सर्जनची नोंद म्हणते ००.०५ आणि कॅमेरा म्हणतो ००.२४. इथे मोह असा होतो की सोयीची वेळ घ्यावी आणि दुसरीचा उल्लेख टाळावा. ते करू नका. दोन्ही ओळी लिहा, एकीखाली एक, आणि एकमेकींचा क्रमांक द्या. चित्रणाची प्रत तक्रारदाराने मागितली तर ती त्याच्याही हाती असेल. विसंगती तुम्ही दाखवली तर तिचं स्पष्टीकरण देता येतं, तक्रारदाराने शोधली तर तुम्हाला उत्तर द्यावं लागतं.

दुसरी गोष्ट घड्याळाची. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे कशावरून? आज जाऊन कॅमेऱ्याची वेळ आणि मोबाइलची वेळ एकाच फोटोत घेता येते, पण त्यातून आजचा फरक कळतो, त्या रात्रीचा नाही. त्या रात्रीची एखादी अशी घटना शोधा जी दोन ठिकाणी नोंदली गेली आहे. समजा, मुलाने खालच्या मेडिकलमध्ये यूपीआयने पैसे भरले, त्याची वेळ २३.५८, आणि कॅमेऱ्यात तो काउंटरपाशी मोबाइल पुढे करताना दिसतो तेव्हा कोपऱ्यात २३.५१ आहे. म्हणजे कॅमेरा सात मिनिटं मागे. सर्जन आत आले ते ००.३१ ला. घटनाक्रमात कॅमेऱ्याची मूळ वेळ लिहायची, हिशेबाने काढलेली वेळ शेजारी, आणि हिशेब कसा केला ते खाली एका ओळीत. मूळ आकडा खोडून दुरुस्त आकडा कधीही टाकू नये. मॉनिटर, ईसीजी, बिलिंगचा संगणक, भिंतीवरचं घड्याळ यांचंही असंच. एका छोट्या रुग्णालयात चार घड्याळं चार वेळा दाखवत असतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही, नोटीस येईपर्यंत.

म्हणजे पहिल्या फोनपासून सर्जन येईपर्यंत ६५ मिनिटं. तक्रारदार म्हणतो तसे दोन तास नव्हेत, आणि सर्जनच्या नोंदीवरून निघतात ती ३९ मिनिटंही नव्हेत. या ६५ मिनिटांना रस्ते बंद असल्याचं कारण असेल, तर त्याचाही कागद लागतो. वाहतूक पोलीस विसर्जनासाठी बंद रस्त्यांची सूचना आधीच जाहीर करतात, ती जोडा. गाडी डेक्कनला लावून लकडी पुलावरून चालत आलो, असं सर्जन म्हणत असतील तर पार्किंगची पावती किंवा फोनमधला त्या रात्रीचा प्रवासमार्ग आहे का ते पाहा. नसेल तर ‘स्मरणातून’. एखादा साक्षीदार म्हणेल, ‘अमुक मंडळाचा गणपती अलका चौकात होता तेव्हा डॉक्टर दिसले.’ हेही अगदीच टाकाऊ नाही. कोणतं मंडळ कधी चौकात पोचलं याच्या वेळा पुण्यातली वर्तमानपत्रं दुसऱ्या दिवशी छापतात. पण त्या रात्री रस्ते बंद असणार हे सगळ्या शहराला आधीपासून माहीत असतं. मग जवळचा पर्यायी सर्जन ठरवला होता का, हा प्रश्न येणारच. घटनाक्रमात त्याची ओळ असेल तर उत्तम, आणि नसेल तर वकिलाला ते आजच कळू द्या.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. तक्रार डॉक्टर कधी आले यावर आहे, पण यादी वाचली की खरा मुद्दा दुसरीकडे सरकतो: ते येईपर्यंत पेशंटसाठी काय काय होत होतं? सलाइन २३.३५ ला, रक्त २३.५० ला, रक्तपेढी ००.१० ला. निवासी डॉक्टर जागेवर होते, आणि दर थोड्या वेळाने काही ना काही होत होतं. पण पहिल्या फोनच्या पावणेदोन मिनिटांत सर्जनने काय सांगितलं, याची लेखी नोंद कुठेही नाही. तोंडी आदेशाची नोंद नसणं ही या प्रकरणातली कच्ची जागा आहे. ती डॉक्टरला सुनावणीच्या आधी, स्वतःच्या टेबलावर कळली, हा घटनाक्रमाचा सर्वांत मोठा उपयोग.

मोकळ्या जागा

दोन नोंदींच्या मध्ये दोन-सव्वादोन तास काहीच नसेल तर काय लिहायचं? तेच लिहायचं: ‘२१.०० ते २३.२०, नोंद नाही.’ ओळ म्हणून लिहायचं. मोकळी जागा लपवायला लोक वाक्यं लांबवतात, ‘दरम्यान रुग्णाकडे सातत्याने लक्ष दिले जात होते’ असं काहीतरी घुसडतात. सातत्याने म्हणजे किती वेळा, कुणी, कशावरून? उलटतपासणीत हे तीन प्रश्न आले की त्या वाक्याचं काही शिल्लक राहत नाही. ‘नोंद नाही’ म्हणजे ‘काही केलं नाही’ असा अर्थ आपोआप होत नाही. त्या वेळी कामावर कोण होतं हे ड्यूटीच्या तक्त्यावरून दाखवता येतं, आणि ती माणसं साक्ष देऊ शकतात.

मात्र त्यांना आधी बोलावून ‘असं असं सांगायचं’ असं पढवू नका. प्रत्येकाकडून त्याला स्वतःला काय आठवतं ते वेगवेगळं लिहून घ्या, शक्यतो तुमचा घटनाक्रम न दाखवता. दोन सिस्टर आणि एक वॉर्डबॉय यांची निवेदनं शब्दशः सारखी निघाली तर समिती काय समजायचं ते समजते. आणि तक्रारदाराला फोन करून ‘मिटवून टाकू’ म्हणण्याचा विचार असेल तर तो मनातच ठेवा. तो फोनही पुढे घटनाक्रमातली एक ओळ होतो, फक्त त्यांच्या.

मोबाइलमधलं काय

हल्ली अर्धं प्रकरण व्हॉट्सॅपवर असतं. स्क्रीनशॉटवर भागवू नका. त्यात आधीचा-नंतरचा संदर्भ तुटतो. संपूर्ण संभाषण एक्सपोर्ट करा, फोन बदलू नका, आपोआप नाहीसे होणारे मेसेज चालू असतील तर ते आधी बंद करा. मेसेज पाठवल्याची वेळ आणि वाचल्याची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘मी डॉक्टरांना कळवलं होतं’ आणि ‘डॉक्टरांना कळलं होतं’ यांतला फरक तिथेच सापडतो.

डिजिटल पुरावा सादर करताना प्रमाणपत्र लागतं. यावरचा प्रसिद्ध निकाल महाराष्ट्रातलाच आहे, आणि योगायोगाने तोही घड्याळाचाच. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्याचे उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आले की नंतर, असा वाद होता, आणि निवडणूक कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण हा त्यातला पुरावा. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरणच हजर केलं नसेल तर प्रतीसोबत प्रमाणपत्र आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या अनुसूचीत, कलम ६३ खालच्या या प्रमाणपत्राचा नमुनाही दिलेला आहे. शिस्तपालन समित्या पुराव्याच्या बाबतीत न्यायालयाइतक्या काटेकोर असतीलच असं नाही, पण तेच चित्रण उद्या ग्राहक आयोगात किंवा फौजदारी न्यायालयात लागू शकतं. प्रमाणपत्र आजच करून ठेवण्यात फार कष्ट नाहीत.

वकील आणि सीए यांचं काम या बाबतीत थोडं सोपं. अशिलाने ‘तारखांना हजर राहिले नाहीत’ अशी तक्रार केली तर शिवाजीनगर न्यायालयाचा रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं याची नोंद, हाच घटनाक्रमाचा पाया. तो न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर दिसतो, पण प्रमाणित नक्कल काढलेली बरी. सीएच्या अहवालावर सहीची तारीख एक आणि यूडीआयएन (सीएने सही केलेल्या कागदाला ऑनलाइन मिळणारा स्वतंत्र क्रमांक) काढल्याची तारीख दुसरी असते. दोन्ही वेगळ्या ओळींत लिहाव्यात, कारण मागची तारीख घालून सही केल्याचा आरोप याच अंतरातून उभा राहतो. सरकारी कार्यालयात आवक-जावक नोंदवही आणि फाइलवरच्या टिपण्या. तिथे कागद कोणत्या टेबलावर किती दिवस होता हे दिसतं, आणि विलंबाच्या आरोपात बहुधा तेवढंच पाहिजे असतं. सीएंच्या नियमांत आणखी एक तरतूद आहे: गैरवर्तन घडून सात वर्षांहून अधिक काळ लोटला असेल आणि त्यामुळे पुरावा मिळणं कठीण झालं असेल, तर तक्रार दाखल करून घेण्यास सीए संस्थेचे शिस्त विभागाचे संचालक नकार देऊ शकतात. म्हणजे घटनाक्रमाची पहिली ओळ कुठल्या तारखेची आहे, यावरच काही वेळा सगळं ठरतं.

कुठून सुरू, कुठे थांबायचं

पहिल्या भेटीपासून सुरू करावं, जन्मापासून नाही. तुमच्या पदव्या, सुवर्णपदक, मोफत शिबिरं यांना घटनाक्रमात जागा नाही. दुसऱ्या टोकाला मात्र लोक फार लवकर थांबतात. पेशंट हलवला की प्रकरण संपलं असं वाटतं. त्यानंतर नातेवाइकांशी काय बोलणं झालं, बिल कधी दिलं, सूट दिली का, कागदांचा अर्ज, वकिलाची नोटीस, पोलीस चौकीतला जबाब, परिषदेची नोटीस, ती हातात पडल्याची तारीख, हे सगळं यायला हवं. बिलात सूट दिली तर ती का दिली ते कुठे लिहिलं आहे का ते पाहा. माणुसकीने सोडलेले दहा हजार पुढे ‘चूक कबूल केल्याचे’ ठरवले जातात.

तक्रारीतला प्रत्येक परिच्छेद घेऊन सहाव्या रकान्याशी ताडून बघा. ज्या परिच्छेदाला एकही ओळ लागत नाही, तिथे तुमच्याकडे उत्तराचा कागद नाही. ज्या ओळी कोणत्याच परिच्छेदाला लागत नाहीत त्यातल्या बऱ्याचशा काढून टाकता येतील. पण सोयीच्या नाहीत म्हणून नव्हे, संबंध नाही म्हणून. कच्च्या यादीतून गैरसोयीची ओळ वगळायची का, हा निर्णय एकट्याने घेऊ नये.

त्यासाठी दोन प्रती ठेवा. एक कच्ची, जिच्यात शेरे, शंका, ‘इथे आपण अडकू’ अशा टिपा असतील. ती फक्त तुमच्यात आणि तुमच्या वकिलात. अशिलाने सल्ल्यासाठी वकिलाला सांगितलेल्या गोष्टींना कायद्याचं संरक्षण आहे, पण तीच यादी मेडिकल असोसिएशनच्या ग्रुपवर टाकली तर ते संरक्षण कुठे राहिलं? शिवाय त्यात पेशंटचं नाव आणि आजार असतो. दुसरी प्रत सादर करायची: शेरे नसलेली, प्रत्येक आधाराला परिशिष्टाचा क्रमांक, सलग पानक्रमांक. डॉक्टरांच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे स्वतः किंवा वकिलामार्फत म्हणणं मांडता येतं. दोन्ही बाबतीत समितीपुढे तीन-चार मिनिटांत ‘परिशिष्ट ७, पान ३२’ काढून दाखवता आलं पाहिजे. पुण्याहून पहाटेची गाडी पकडून मुंबईला पोचायचं, तिथे आपला नंबर लागायला दुपार होते, आणि मग समोरचा सदस्य विचारतो, ‘दुसरा फोन किती वाजता?’ त्या वेळी आठवायला लागू नये, वाचता यावं.

एक धोका अनुभवी लोकांनाही चुकत नाही. ग्राहक आयोगात दिलेलं उत्तर, पोलिसांपुढचा जबाब आणि परिषदेकडचा खुलासा तीन वेगवेगळ्या वकिलांनी तीन वेगवेगळ्या वर्षी लिहिलेला असतो, आणि तिन्हीत डॉक्टर पोचल्याची वेळ वेगळी असते. आधी कुठे काही लिहून दिलं असेल तर त्याची प्रत मिळवा आणि ते विधान केल्याची तारीखही घटनाक्रमात घाला. फरक असेल तर तो का, हे पहिल्याच खुलाशात सांगितलेलं बरं.

तयार झालेली यादी या प्रकरणाशी संबंध नसलेल्या, पण गोपनीयता पाळणाऱ्या एखाद्या माणसाला वाचायला द्या. वकिलाच्या कार्यालयातला कनिष्ठ सहकारी चालेल. त्याला तोंडी काही समजावू नका. वाचून झाल्यावर त्याने काय घडलं ते सांगावं. तो जिथे अडखळेल तिथे ओळ गहाळ आहे किंवा दोन घटना एकाच ओळीत कोंबल्या आहेत.

निकाल लागला की यादी बंद करायची नाही. आदेशाची तारीख एक ओळ आणि आदेशाची प्रत तुमच्या हाती पडल्याची तारीख दुसरी ओळ. प्रत आली ते पाकीट शिक्क्यासह जपून ठेवा. डॉक्टरांच्या नियमावलीत अपिलाचे ६० दिवस आदेश मिळाल्यापासून मोजतात, वकिलांच्या कायद्यातही आदेश कळवल्याच्या तारखेपासून ६० दिवस आहेत. साठावा दिवस कॅलेंडरवर मोजून काढा आणि ती तारीखही आजच शेवटच्या ओळीत लिहून ठेवा.